तुरीच्या दाण्याएवढी गोळी

दौलताबाद
१४ नोव्हेंबर २०२४

चि. राजनंदिनीस मामाचा भरभरून आशीर्वाद.

काल तुझा फोन आला होता. नाव दिसलं म्हणून उचलला, पण कानाच्या मशीनमधून नुसती खरखर आली. वाळूजच्या कारखान्यातल्या प्रेसशॉपमध्ये उभी हयात गेली, कान तिथंच राहिले. मोबाईलवर लिहायचं म्हणलं तर बोट एका अक्षरावर ठेवतो आन् तीन उमटतात. म्हणून हे पत्र. फकिरा रोज पेरू घेऊन औरंगपुऱ्यात गाडा लावतो, त्याच्या हाती देतो. तू बी उत्तर त्याच्याकडंच दे.

मामीचं सांगतो. तुमच्या दवाखान्यातून घरी आणली, तू सांगितल्यापरमानं गोळी रोज देतो. पण राजे, गुण काय दिसत नाय. उलट त्रासच वाढला. सकाळी मळमळतं, दोनदा उलटी झाली. तोंड सुकतं, जीभ टाळूला चिकटती म्हणते. हात थरथरतात. रात्री टक्क जागी असते. काल खाटेवरून उठली आन् भेलकांडली, मी धरली म्हणून बरं. आधी नुसती गप होती. आता गपबी हाय आन् आजारीबी.

पोळ्यापासून हे चालू झालं. घरात कुणी गेलं नाय, भांडण नाय, शेतात काय नुकसान नाय. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण, मग भिंतीकडं तोंड करून पडून राहणं. तू आली नसतीस तर मी अजून अंगारेच लावत बसलो असतो.

पुण्याहून सत्यम म्हणतो, आईला ह्या गोळ्यांची सवय लागंल, बंद करा. तुझं काय म्हणणं? बंद करू का?

एक विचारतो, हसू नको. शंभर टनाचा प्रेस पत्र्याला कसा वाकवतो, ते मला कळतं. पण तुरीच्या दाण्याएवढी गोळी पोटात जाऊन माणसाच्या दुःखापर्यंत कशी पोचती? तिला रस्ता कोण दाखवतं?

तुझा,
सोमनाथमामा

•

छत्रपती संभाजीनगर
१६ नोव्हेंबर २०२४

प्रिय मामा,
नमस्कार.

फकिराभाऊंनी पत्र दिलं आणि वर चार पेरूही. वॉर्डातल्या सगळ्या सिस्टरांनी मीठ-तिखट लावून फस्त केले.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर: गोळी बंद करू नका. एकदम तर मुळीच नाही. या गोळीचं असंच असतं, मामा. त्रास आधी येतो आणि गुण मागून. पहिले काही आठवडे शरीर तिच्याशी भांडतं. मळमळ, कोरडं तोंड, थरथर, हे बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. सत्यमदादाला सांगा, दारूची लागते तशी सवय हिची लागत नाही. पण डॉक्टरांना न विचारता सोडली तर चक्कर येते, जीव घाबरा होतो आणि जुना आजार पुन्हा डोकं वर काढतो.

मी डॉक्टर मॅडमशी बोलले. त्या म्हणाल्या, गोळी रात्री न देता सकाळी द्या, म्हणजे झोप मोडणार नाही. उपाशीपोटी नको, आधी थोडी भाकरी किंवा पेज. पाणी एकदम नको, घोट घोट. जेवल्यावर बडीशेप चघळायला दिली तर तोंड ओलं राहील. खाटेवरून उठताना आधी बसायचं, पाय खाली सोडून जरा थांबायचं, मग उभं राहायचं. उलट्या वाढल्या, डोकं फार दुखायला लागलं किंवा बोलणं असंबद्ध वाटलं, तर वाट बघू नका, थेट घेऊन या.

आता एक अवघड गोष्ट. या आजारात अंगातलं बळ आधी परत येतं आणि मनाची उभारी नंतर. मधले दिवस जपायचे असतात. गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा. तिला एकटी सोडू नका. आणि तिला सरळ विचारा, ‘मरून जावं असं वाटतं का?’ विचारल्यानं असा विचार डोक्यात येत नाही, मामा. उलट आत असेल तर बाहेर पडायला वाट मिळते.

गोळीला रस्ता कोण दाखवतं, हे मी मॅडमनाही विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, थोडंफार कळलंय, पण पुरतं अजून कुणालाच नाही. मीही इतकी वर्षं हातानं गोळ्या देते आणि महिन्याभरानं तेच माणूस उशाशी बसून केस विंचरताना बघते. दर वेळी माझा हात थबकतो.

तुमची,
राजनंदिनी

•

दौलताबाद
२८ नोव्हेंबर २०२४

चि. राजे,

खुशखबर हाय! तू सांगितलेलं सगळं केलं. गोळी सकाळी पेजेवर देतो. उलटी थांबली. बडीशेपेचा डबा उशालाच असतो. झोपबी लागू राहिली.

ते जे विचारायला सांगितलं होतंस, ते मात्र नाय विचारलं. दोनदा जवळ बसलो, पण जीभ उचलंना. लग्नाच्या बायकोला असं कसं विचारायचं? आन् आता विचारायची गरज बी नाय राहिली.

कारण ऐक. मंगळवारी सकाळी मी पेरू उतरवत होतो. मागं वळून बघतो तर ओट्यावरची खाट रिकामी. म्हणलं गेली कुठं? तर तुझी मामी आपली आपण उठून पार विहिरीपर्यंत गेली होती! कुणी धरलं नाय, काय नाय. चांगली ताठ चालत. कठड्यावर बसून पाण्याकडं बघत होती. काल बी गेली, आज बी. दवाखाना सोडला तर पोळ्यानंतर पहिल्यांदा तिचं पाऊल घराबाहेर पडलं. मला इतका आनंद झाला की फकिराला गूळ-खोबरं दिलं.

एवढीशी गोळी, पण कमाल केली तिनं.

तुझा,
सोमनाथमामा

•

छत्रपती संभाजीनगर
३० नोव्हेंबर २०२४

प्रिय मामा,

मामी इथं माझ्या वॉर्डात आहे, खिडकीजवळच्या पलंगावर. आत्ता झोपली आहे. परवा मी अचानक येऊन तिला का घेऊन आले, हे तुम्ही मागवलेल्या गाडीत पुन्हा पुन्हा विचारत होतात आणि मी नुसता तुमचा हात दाबत होते. आता सांगते. तिच्या परवानगीनं सांगते.

तुमचं पत्र मला फकिराभाऊंच्या गाड्याजवळच मिळालं. ‘विहिरीपर्यंत’ हा शब्द वाचला आणि मी लगेच फकिराभाऊंना सांगितलं. फकिराभाऊंनी तिथूनच त्यांच्या घरी फोन लावला, त्यांची बायको धावत तुमच्या मळ्यात गेली. ती मामीजवळ गप्पा मारत बसली होती ती त्यामुळे. मी स्कूटी काढून सरळ निघाले.

तुम्ही झाडाआडून बघत होतात. आम्ही दोघी विहिरीजवळ बसून बोलत होतो ते तुम्हाला दिसलं असेल, ऐकू आलं नसेल. काय बोललो ते असं.

मी तिचा हात धरून कठड्यावरून खाली घेतलं, पायरीवर बसवलं आणि विचारलं, “मामी, मरून जावं असं वाटतं का गं?”

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, “व्हय.”

मी हात सोडला नाही. ती म्हणाली, “आधी उठायचं बी बळ नव्हतं गं. आता पाय चालतात. पण मन हाय तिथंच हाय. मग पाय इकडंच येतात.”

मी विचारलं, “आणि माघारी कशी येतेस?”

“हे हाका मारतात,” ती म्हणाली. “लई मोठ्यानं. त्यान्ला कळत नाय किती मोठ्यानं. मग उठावंच लागतं.”

मामा, मी नर्स आहे, असं बोलणं मी पूर्वी ऐकलं आहे. तरी मी तिचा हात आणखी घट्ट धरला. तुम्ही फक्त ‘चहा झाला गं’ म्हणून हाक मारत होतात. आणि ती त्या हाकेला धरून पाण्यापासून परत येत होती.

एकदा ‘व्हय’ म्हटल्यावर तिचे खांदे खाली आले. जणू कुणीतरी डोक्यावरचा भारा उतरवून घेतला. मी म्हटलं, मामांना सांगू? आधी ‘नको’ म्हणाली. मग म्हणाली, “सांग. पण लिहून सांग. ओरडून सांगायची गोष्ट नाय ही.”

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हा औषधाच्या अपयशाचा काळ नाही, मधला टप्पा आहे. इथं तिच्याजवळ सतत कुणीतरी आहे. काही दिवसांनी घरी येईल. तोवर विहिरीला जाळी बसवून घ्या. आणि स्वतःला दोष देऊ नका. तुम्ही जे पाहिलं ते खरंच लिहिलंत, म्हणून मला कळलं.

तुमची,
राजनंदिनी

•

दौलताबाद
२२ डिसेंबर २०२४

चि. राजे,

तुझं पत्र वाचून दिवसभर पेरूच्या झाडाखाली बसून होतो. पानं उलटीपालटी करून वाचलं. मला वाटायचं, मी बहिरा, माझं बोलणं कुणाच्या कामाचं नाय. आन् माझी हाक तिला… पुढं लिहवत नाय.

जाळी बसवली. मामी घरी आली त्या दिवशीच ठरवलं, आता विचारायचं. सकाळी पेज दिली, गोळी दिली, शेजारी बसलो आन् विचारलं. हळू विचारलं असं मला वाटलं. पण मला माझाच आवाज कुठं ऐकू येतो? शेजारची मालनबाई चुलीवरचं कालवण सोडून पळत आली. अर्ध्या आळीला कळलं की सोमनाथ बायकोला विचारतोय, मरावं वाटतं का म्हणून.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण राजे, काय झालं ऐक. मालनबाई तुझ्या मामीपुढं बसली. तिच्या बोलण्याचं मला काय कळंना, नुसते ओठ हलताना दिसले. मग तिनं डोळे पुसले आन् मामीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मागून मामीनं मला पाटीवर लिहून दाखवलं, “तिलाबी झालं होतं. धाकटं लेकरू झाल्यावर. कुणाला सांगितलं नव्हतं.” एवढी वर्षं भिंतीला भिंत लागून, आन् कुणाला पत्ता नाय.

तव्हापासून मालनबाई रोज दुपारी येते. दोघी शेंगा फोडत बसतात. मी बी रोज सकाळी विचारतो. परवापर्यंत ‘थोडं थोडं’ म्हणायची. काल मान हलवली. नाय म्हणून.

हात अजून थरथरतात. घाम लई येतो, थंडीत बी पदर ओला होतो. ते काय करावं ते लिही.

तुझा,
सोमनाथमामा

•

छत्रपती संभाजीनगर
२४ डिसेंबर २०२४

प्रिय मामा,

तुमचं पत्र मी ड्यूटीवर वाचलं आणि भांडारखोलीत जाऊन एकटी रडले. आनंदानं. आम्ही इथं शिकाऊ मुलींना कितीदा सांगतो की सरळ विचारा. आता तुमचंच उदाहरण सांगणार आहे, नाव न घेता.

घाम हा गोळीचाच. सुती लुगडं, उशाशी कोरडा टॉवेल, पाणी पुरेसं, आणि चहा कमी. चहानं थरथरही वाढते. पुढच्या तपासणीला दोन्ही गोष्टी मॅडमना सांगू, रक्तही तपासून घेऊ.

मालनबाईंना माझा नमस्कार सांगा.

राजनंदिनी

•

दौलताबाद
२६ जानेवारी २०२५

चि. राजे,

आज तुझी मामी मला ओरडली!

पेरूच्या फांद्या छाटत होतो. ती ओट्यावरून उठून आली, माझ्या हातातली कात्री हिसकून घेतली आन् तोंडानं चालू झाली. मशीन कानात नव्हतं. नुसतं तोंड हलताना दिसत होतं, भुवया वर, हातवारे चालले होते. मशीन लावलं तव्हा शेवटचं तेवढं कळलं, “…फुटव्याचा डोळाच मारला तर पुढल्या साली फळ कुठून येईल, तुमच्या डोक्यातून?”

मी तसाच उभा. डोळ्यातून पाणी गळू राहिलं. ती म्हणली, “अवं, रडता कामून? फांदीच हाय.”

किती दिवसांनी, राजे! मी मळ्यात उभा राहून हात जोडले. कुणाला जोडले ते मलाबी कळलं नाय. देवाला, गोळीला, तुला, का तिच्या रागाला.

तुझा,
सोमनाथमामा

•

दौलताबाद
२४ फेब्रुवारी २०२५

चि. राजे,

मामीच्या माहेरी जाऊन आलो. तिच्या भावाच्या, साहेबरावच्या पोरीचं, संस्कृतीचं लग्न झालं. मामी दोन दिवस उभी होती. हळदीत होती, पंगतीत वाढत होती. सगळे म्हणत होते, मनकर्णाबाई आता पुरती बरी झाली.

पोरगी सासरी वाटे लावताना सगळा मांडव रडला. साहेबराव तर खांबाला धरून रडला. संस्कृती मामीच्या गळ्यात पडली, लहानपणी तिच्याच मांडीवर वाढलेली पोर. पण तुझ्या मामीच्या डोळ्यात टिपूस नाय. ताठ उभी. बायका म्हणल्या, लई खंबीर झाली.

मलाबी आधी बरंच वाटलं. पण मागच्या खेपेला खुशीत लिहिलं आन् चुकलो होतो. म्हणून ह्या खेपेला विचारतो. घरी आल्यावर ती मला म्हणली, “मला रडायचं होतं. आलंच नाय.” ह्यात काय असंल तर सांग.

तुझा,
सोमनाथमामा

•

छत्रपती संभाजीनगर
२ मार्च २०२५

प्रिय मामा,

बरं झालं लिहिलंत. परवा तपासणीला तुम्ही बाहेर बाकावर होतात आणि मामी आत मॅडमपुढे होती. ती काय म्हणाली ते तुम्हाला कळायलाच हवं.

ती म्हणाली, “दुःख गेलं, पण जाताना बाकीचं बी घेऊन गेलं. गूळ खाल्ला तर गोड हाय हे कळतं. पण गोड लागत नाय. पोर गळ्यात पडली तर ती रडती हे दिसतं. मी मात्र काचेच्या पलीकडं.”

मॅडमनी लिहिणं थांबवलं. मला म्हणाल्या, “इतकं नेमकं मला आजवर कुणी सांगितलं नाही.”

हाही गोळीचाच त्रास असू शकतो, मामा. मनाच्या वेदनेवर झाकण घालताना ती कधी कधी सगळ्याच भावनांवर घालते. माणसं बरी दिसतात, म्हणून कुणी विचारत नाही आणि तीही सांगत नाहीत. मग एक दिवस वैतागून गोळी फेकून देतात. मामीनं फेकली नाही. सांगितलं.

मॅडमनी गोळी थोडी कमी केली आहे. पुढे बघत बघत जायचं. घाई नाही. या काळात पुन्हा झोप उडाली, जेवण तुटलं, किंवा सकाळच्या प्रश्नाला तिनं ‘नाही’ म्हणायला वेळ लावला, तर त्याच दिवशी कळवा. रडू कधी येईल, येईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. खोटी आशा देणार नाही. पण तिच्यातलं काही मेलेलं नाही. रडू आलं नाही याचं तिला वाईट वाटलं ना? मग वाईट वाटणारी ती आतच आहे.

तुमची,
राजनंदिनी

•

दौलताबाद
११ एप्रिल २०२५

राजे,

माझ्या अक्षराला हसू नको. सातवीनंतर सह्याच केल्या, आन् ह्यांच्यासाठी पाटीवर चार शब्द. आज ह्यांच्या हातातला कागद काढून घेतला आन् मीच लिहायला बसले.

गोळी चालू हाय, कमी केलेली. झोप चांगली हाय. सकाळी हे विचारतात, मी नाय म्हणते, मग चहा होतो. हात आता थरथरत नाय, बघ ना, ओळ किती सरळ आली.

काल दुपारी हे जेवून ताटातच हात सुकवत बसले होते. माझी नजर बोटांवर गेली. टोकाला काळपट डाग, भाजल्याचे. एक नाय, लई. जुने झालेले. मी बोट धरून विचारलं, हे कशाचं? म्हणले, तव्याचं.

मला आधी कळंना. तव्याशी ह्यांचा काय संबंध? ह्या माणसानं माझ्या दुखण्याआधी कधी चहा बी केला नव्हता. मग ध्यानात आलं. पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत मी चुलीपुढं बसलेच नव्हते. आन् माझ्या ताटात भाकरी तर रोज यायची. मी ती खात होते, टाकत होते, भिंतीकडं वळत होते. कुणी थापली ते कधी वर मान करून बघितलं नव्हतं. हे म्हणले, मालनबाईनं शिकवलं, पहिल्या पंधरवड्यातल्या सगळ्या म्हशीनं खाल्ल्या.

राजे, मी हसले. आन् हसता हसता डोळ्याला कायतरी झालं. मला वाटलं राख उडाली. मग ते गालावरून खाली आलं, गरम. पुसलं तर अजून आलं. छातीतून आवाज निघाला, तो माझा हाय हे मला ओळखूच आलं नाय. मी ह्यांची बोटं हातात धरून रडले. संस्कृतीसाठी रडले, त्या विहिरीसाठी रडले, ह्यांच्या करपलेल्या भाकरीसाठी रडले.

हे घाबरले. गोळी चुकली का, म्हणत कागद घेऊन तुला लिहायला बसले. मी ओरडून सांगितलं, “अवं, काय चुकलं नाय, मला रडू द्या.” मशीन कानात नव्हतं. तरी त्यान्ला कळलं. मग तेबी शेजारी बसले.

उन्हं उतरेपर्यंत आम्ही ओट्यावर होतो. समोर किल्ला, तोच रोजचा. मी त्याच्याकडं बघत होते आन् मनात येत होतं, एवढं रडू माझ्यात होतं. आन् सगळं माझंच होतं.

तुझी मामी,
मनकर्णा